सिस्टिम नवी, प्रोग्राम जागच्या जागी

संगणक मंदावला, अधूनमधून निळा पडदा दिसू लागला किंवा अपडेट अर्ध्यावर जाऊन पुन्हा माघारी येऊ लागले, की ‘एकदा फॉरमॅट मारून घ्या’ हा सल्ला कुठून ना कुठून येतोच. सल्ला देणाऱ्याचे काम तासाभरात संपते. ज्याचा संगणक असतो तो मात्र पुढे बरेच दिवस काही ना काही शोधत बसतो. कधी प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, सापडत नाही, कधी जुन्या सॉफ्टवेअरची परवाना-किल्ली हरवलेली असते, तर कधी ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच बंद झालेली असते. ओळखीच्यांचे संगणक मार्गी लावण्याचे काम मी हौसेने करत आलो आहे आणि त्यातून माझे असे ठाम मत झाले आहे की, ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवणे आणि डिस्क पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी न करता पहिली करता येते. अट एवढीच की ती वेळेवर केली पाहिजे, म्हणजे जुनी सिस्टिम कशीबशी का होईना, पण स्वतः सुरू होत आहे तोवर.

ही अट का पडते हे समजण्यासाठी फाइल आणि प्रोग्राम यांतला फरक आधी नीट पाहायला हवा. पत्र, छायाचित्र, हिशोबाचा तक्ता किंवा गाणे यांची फाइल स्वतःपुरती पूर्ण असते; ती पेन ड्राइव्हवर घेतली, दुसऱ्या संगणकावर ठेवली, तिचे नाव बदलले, तरी आतला मजकूर तोच राहतो. प्रोग्रामचे तसे नाही. विंडोजवर एखादा प्रोग्राम बसवला की त्याचा मुख्य भाग ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात जातो, पण तेवढ्यावर त्याचे भागत नाही. सगळ्या वापरकर्त्यांसाठी लागणारी माहिती तो ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात ठेवतो, प्रत्येक वापरकर्त्याने केलेली मांडणी ‘ॲपडेटा’ फोल्डरात ठेवतो, काही सामायिक फाइली थेट विंडोजच्या फोल्डरात टाकतो, गरज असल्यास मागे सतत चालणारी एखादी सर्व्हिस नोंदवतो, आणि आपण कुठे बसलो आहोत, कोणत्या प्रकारच्या फाइली उघडतो, आपला परवाना कोणता, अशा शेकडो नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, करून ठेवतो. रजिस्ट्रीही एका जागी नसते. संपूर्ण संगणकाच्या नोंदी विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरातल्या ‘कॉन्फिग’ या उपफोल्डरात असतात आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदींची फाइल त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असते.

त्यामुळे ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर जसेच्या तसे बाजूला काढून नव्या विंडोजवर परत ठेवले, तर बहुतेक प्रोग्राम उघडतच नाहीत, आणि जे उघडतात ते परवाना तरी मागतात किंवा अमुक फाइल सापडत नाही असे तरी सांगतात. कोणत्याही नोंदीशिवाय चालणारे ‘पोर्टेबल’ प्रकारचे प्रोग्राम याला अपवाद आहेत. ते कुंडीतल्या रोपासारखे उचलून कुठेही ठेवता येतात, पण आपल्या रोजच्या कामाचे मोठे प्रोग्राम क्वचितच त्या प्रकारचे असतात. प्रोग्राम ‘डी’ ड्राइव्हवर बसवले म्हणजे ‘सी’ ड्राइव्ह पुसली तरी ते वाचतील, ही समजूतही याच कारणाने चुकीची ठरते. ‘डी’वरच्या फाइली शाबूत राहतात हे खरे, पण त्यांच्या नोंदी ‘सी’वर होत्या आणि त्या पुसल्या गेल्या. हीच समजूत धरून निर्धास्त बसलेले लोक मला वारंवार भेटतात.

म्हणजे प्रोग्राम वाचवायचे असतील तर ते हलवून उपयोगाचे नाही. ते जिथे आहेत तिथेच ठेवून त्यांच्याखालची सिस्टिम बदलावी लागते, आणि नव्या सिस्टिमने जुन्या सिस्टिमच्या नोंदी वाचून त्या स्वतःकडे उतरवून घ्याव्या लागतात. विंडोजमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे, फक्त तिची वाट बदलली आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये सीडीवरून संगणक सुरू केला की सेटअपला डिस्कवरची जुनी विंडोज सापडत असे आणि ‘आर’ ही कळ दाबून ती दुरुस्त करता येत असे. विंडोज सुरूच होत नसली तरी हा उपाय चाले. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने सेटअपची रचनाच बदलली. सुट्या फाइली एकेक करून टाकण्याऐवजी संपूर्ण विंडोजची तयार प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी बांधून ठेवलेली नक्कल, डिस्कवर उलगडायची, अशी ती नवी रचना होती, आणि तिच्यात प्रोग्राम राखून दुरुस्ती करण्याची वाट चालू विंडोजच्या आतूनच उरली. आज पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘अपग्रेड’ निवडले, तर पेन ड्राइव्ह काढा आणि विंडोज नेहमीसारखी सुरू करून मग सेटअप चालवा, असा निरोप मिळतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पेन ड्राइव्हवरून सुरू होणारा सेटअप, फाइली, ॲप आणि सेटिंग यांसह सगळे पुसले जाईल हे मान्य असल्याची खूण पुढे जाण्याआधीच करून घेतो. विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी सुरू करणाऱ्या सेफ मोडमधूनही हे काम होत नाही.

सुरू होणारी सिस्टिम हीच या उपायाची मुख्य सामग्री आहे. म्हणून ‘अजून चालतंय ना, मग बघू पुढच्या महिन्यात’ असे म्हणणाऱ्यांना मी घाई करायला सांगतो. पुढच्या महिन्यात ती सुरूच झाली नाही, तर फाइली वाचवता येतील, प्रोग्राम नाही.

तरीही थेट सेटअपकडे धाव घेऊ नये. विंडोजच्या मूळ फाइली बिघडल्याची शंका असेल, तर त्यांची तपासणी आणि दुरुस्ती करणारी दोन साधने विंडोजमध्येच असतात. ‘सिस्टिम फाइल चेकर’ हे साधन चालू फाइली तपासून बिघडलेल्या फाइलींच्या जागी चांगल्या प्रती ठेवते. ‘डिझम’ हे साधन, त्या चांगल्या प्रती ज्या साठ्यातून येतात तो साठाच दुरुस्त करते. साहजिकच डिझम आधी आणि चेकर नंतर चालवावे, कारण साठाच खराब असेल तर चेकर त्यातून काय देणार? ही दोन्ही साधने प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवरून चालतात आणि आपल्या फाइलींना हात लावत नाहीत.

त्याच बैठकीत डिस्कची प्रकृती पाहून घ्यावी. हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःच्या बिघाडांची नोंद ‘स्मार्ट’ या पद्धतीने ठेवतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे विनामूल्य साधन ती वाचून दाखवते. तिथे धोक्याची खूण दिसली, तर त्या डिस्कवर सिस्टिम पुन्हा बसवणे सर्वस्वी चुकीचे आहे. सेटअप चालताना डिस्कवर फार मोठ्या प्रमाणात वाचन आणि लेखन होते आणि मरायला टेकलेली डिस्क नेमकी त्यातच मान टाकते. अशा वेळी आधी फाइली बाहेर काढाव्यात, डिस्क बदलावी आणि मग सिस्टिमचा विचार करावा. निळा पडदा वेगवेगळ्या कारणांचा उल्लेख करत येत असेल तर रॅमही तपासावी. विंडोजचे मेमरी डायग्नोस्टिक त्यासाठी पुरेसे आहे, आणि मेमटेस्ट८६ त्याहून कसून तपासते. रॅम खराब असताना बसवलेली सिस्टिम पहिल्या दिवसापासूनच बिघडलेली असू शकते.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच ठरतो: जो बिघाड घालवायचा आहे, तो आपण बदलणार असलेल्या भागात आहे की राखणार असलेल्या भागात? प्रोग्राम राखून सिस्टिम पुन्हा बसवली की विंडोजच्या स्वतःच्या फाइली नव्या येतात, अपडेटची बिघडलेली यंत्रणा सुधारते, मोडलेला स्टार्ट मेनू किंवा न उघडणारे सेटिंग बहुधा ठिकाणावर येते. पण एखाद्या प्रोग्रामनेच संगणक मंद केला असेल, तर तो प्रोग्रामही त्याच्या सगळ्या खोडींसह नव्या सिस्टिमवर येतो. व्हायरस किंवा तत्सम घातक सॉफ्टवेअर शिरले असेल, तर त्यालाही हीच सवलत मिळते. असा संगणक पुसून स्वच्छ करणेच योग्य, कारण तिथे प्रोग्राम राखणे म्हणजे रोग राखणे होय.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे एका फाइलीत बांधलेली सेटअपची संपूर्ण डिस्क, उतरवून घ्यावी. आठ किंवा त्यापुढच्या विंडोजवर तिच्यावर दोनदा क्लिक केले की ती एखाद्या डिस्कसारखी उघडते आणि आत ‘सेटअप’ नावाची फाइल दिसते. ती चालवायची, पेन ड्राइव्ह बनवण्याची किंवा संगणक कशावरून सुरू व्हावा याचा क्रम बदलण्याची गरज पडत नाही. मात्र ही आयएसओ कोणतीही चालत नाही. तिची आवृत्ती संगणकावरच्या विंडोजइतकीच किंवा तिच्याहून नवी हवी. जुनी असेल तर प्रोग्राम राखण्याचा पर्याय मिळत नाही. होम, प्रो यांपैकी विंडोजची जी एडिशन संगणकावर असेल ती तिच्यात हवी. संगणकावरची विंडोज ६४ बिटची असेल तर तीही ६४ बिटची हवी. आणि भाषा तीच हवी, ही अट सर्वांत फसवी आहे, कारण अमेरिकेची इंग्रजी आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ या नावाने मिळणारी ब्रिटिश इंग्रजी या सेटअपच्या दृष्टीने दोन वेगळ्या भाषा आहेत. विंडोज मुळात कोणत्या इंग्रजीत बसवली आहे हे डिझमला विचारता येते, आणि आयएसओ उतरवण्याआधी ते विचारून घेणे शहाणपणाचे, कारण फाइल काही जीबींची असते आणि चूक सेटअप सुरू केल्यावरच कळते.

सेटअप सुरू झाला की तो आधी अपडेट उतरवावेत का असे विचारतो. ते नंतरही उतरवता येतात, म्हणून मी या टप्प्यावर नकार देतो. अपडेटची यंत्रणाच बिघडलेली असेल तर सेटअप तिथेच अडकून बसू शकतो. पुढे परवान्याच्या अटी येतात, मग थोडी तपासणी होते आणि शेवटी ‘रेडी टू इन्स्टॉल’ हा पडदा येतो. या पडद्यावर थांबावे आणि तो शब्दशः वाचावा. कोणती विंडोज बसणार आहे ते तिथे लिहिलेले असते आणि त्याखाली ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ असे असायला हवे. तसे नसेल तर ‘चेंज व्हॉट टू कीप’ या दुव्यावर जावे. तिथे तीन पर्याय असतात: फाइली आणि ॲप दोन्ही राखणे, फक्त फाइली राखणे आणि काहीही न राखणे. पहिला पर्याय फिकट झालेला आणि निवडता न येणारा दिसला, तर वरच्या अटींपैकी एखादी पाळली गेलेली नाही असे समजावे आणि खिडकी सरळ बंद करावी. ‘इन्स्टॉल’चे बटण दाबेपर्यंत काहीही बदललेले नसते.

बटण दाबल्यावर आत काय होते हे ठाऊक असले, तर मधल्या काळात संगणक दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू झाल्यावर माणूस घाबरत नाही. सेटअप आधी चालू विंडोजमधूनच सगळी जुळवाजुळव करतो, त्यासाठी एक लपवलेले तात्पुरते फोल्डर उघडतो आणि कोणते प्रोग्राम, कोणते ड्रायव्हर, कोणत्या नोंदी न्यायच्या याची यादी बनवतो. मग संगणक एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये सुरू होतो, कारण चालू असलेली सिस्टिम स्वतःलाच उचलून बाजूला ठेवू शकत नाही. त्या छोट्या विंडोजमधून जुनी सिस्टिम ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात सरकवली जाते आणि नव्या सिस्टिमची प्रतिमा तिच्या जागी उलगडली जाते. त्यानंतरच्या सुरुवातींत ड्रायव्हर, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि वापरकर्त्यांची खाती नव्या सिस्टिमवर उतरतात. हे सगळे एसएसडीवर तासाभराच्या आसपास आटोपते, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागू शकतो. जुनी आणि नवी सिस्टिम काही काळ एकाच डिस्कवर नांदतात, म्हणून ‘सी’ ड्राइव्हवर मी किमान पंचवीसेक जीबी जागा मोकळी ठेवतो. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, बाहेरच्या हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवावेत, आणि दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर तो आधी काढून टाकावा. सेटअप मध्येच माघारी फिरण्याची जी कारणे मला दिसली, त्यांत अँटिव्हायरसचा वाटा मोठा आहे.

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हेच काम सेटिंगमधूनही करता येते. ‘सिस्टिम’मधल्या ‘रिकव्हरी’ या पानावर विंडोज अपडेटच्या मदतीने अडचणी दूर करण्याचा पर्याय आणि त्यापुढे ‘रीइन्स्टॉल नाऊ’ हे बटण असते. ते दाबले की आहे तीच आवृत्ती इंटरनेटवरून उतरते आणि फाइली, ॲप व सेटिंग राखून पुन्हा बसते. आवृत्ती आणि भाषा जुळवण्याची कटकट उरत नाही. सोय उत्तम आहे, पण ती चालण्यासाठी विंडोज अपडेट धडधाकट असावे लागते, आणि पुष्कळदा नेमके तेच बिघडलेले असते.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा संगणकावर विंडोज १० च पुन्हा बसवण्यापेक्षा विंडोज ११ वर जाणे सोयीचे, कारण तेही याच सेटअपने, याच पद्धतीने आणि फाइली व प्रोग्राम राखूनच होते. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट चालवू शकणारे यूईएफआय (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मान्य यादीतला प्रोसेसर असावा लागतो.

इतके सगळे सुरळीत होण्याची शक्यता पुष्कळ असली, तरी बॅकअप न घेता मी कोणाच्याही संगणकाला हात लावत नाही. वीज जाऊ शकते, डिस्क दगा देऊ शकते. बॅकअप म्हटल्यावर लोक ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ एवढेच उचलतात, आणि जे राहून जाते ते नेमके तिथे नसते. हिशोबाची, दवाखान्याची किंवा दुकानाची कामे करणारी अनेक जुनी सॉफ्टवेअर आपली सगळी माहिती स्वतःच्याच फोल्डरात, थेट ‘सी’ ड्राइव्हवर ठेवतात. जुन्या पद्धतीने चालणाऱ्या आउटलुकची टपाल-फाइल पूर्वी ‘ॲपडेटा’त लपलेली असे, पुढे ती ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फोल्डरात येऊ लागली. थंडरबर्डची पत्रे आजही ‘ॲपडेटा’तल्या प्रोफाइलमध्ये असतात. स्टिकी नोट्सवर चिकटवून ठेवलेल्या चिठ्ठ्याही तिथेच असतात, आणि लोक त्यांच्यावर बँकेच्या पासवर्डपर्यंत काय काय लिहून ठेवतात ते पाहिले की त्या चिठ्ठ्या जपाव्यात की जाळाव्यात असा प्रश्न पडतो.

ब्राउझरचे प्रकरण वेगळेच आहे. फायरफॉक्सचे प्रोफाइल-फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले तर त्यातले पासवर्डही बरोबर येतात. क्रोमचे तसे होत नाही. त्याचे पासवर्ड विंडोजच्या त्या विशिष्ट खात्याशी बांधलेल्या किल्लीने बंद केलेले असतात, त्यामुळे फोल्डराची नुसती नक्कल केली तर वाचनखुणा येतात, पासवर्ड येत नाहीत. ते आधीच गूगल खात्याशी जोडून घ्यावेत किंवा निर्यात करून सुरक्षित जागी ठेवावेत. विंडोजच्या स्वतःच्या ‘ईएफएस’ या फाइली कूटबद्ध करण्याच्या सोयीने एखादे फोल्डर कुलूपबंद केले असेल, तर त्याचे प्रमाणपत्र आधी बाहेर काढून ठेवलेच पाहिजे. सिस्टिम पुसली गेली आणि प्रमाणपत्र नसले, तर फाइली समोर दिसतात पण कधीच उघडत नाहीत. वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी हेही पाहावे की, ज्या फाइलीपुढे ढगाचे चिन्ह आहे तिचे फक्त नाव संगणकावर आहे, मजकूर नाही. इंटरनेट बंद असताना तिची नक्कल करता येत नाही, आणि डिस्कच्या प्रतिमेतही तिचे नुसते नावच येते.

बिटलॉकरकडे, म्हणजे संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या कुलपाकडे, लक्ष वेधणे भागच आहे. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. चालू विंडोजमधून सुरू केलेला सेटअप हे कुलूप सहसा स्वतःच तात्पुरते बाजूला ठेवतो, पण काही अडले तर संगणक ४८ अंकी रिकव्हरी-किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर सापडते. ती काम सुरू करण्याआधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण जो संगणक उघडत नाही त्याच संगणकात ती ठेवलेली असून काय उपयोग?

सर्वांत खात्रीचा बॅकअप म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रतिमा. क्लोनझिलासारखे विनामूल्य साधन पेन ड्राइव्हवरून चालते आणि डिस्कवरचे सगळे विभाग आहेत तसे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेते. पुढे काहीही बिनसले तर ही प्रतिमा परत टाकून संगणक पूर्वी होता तसा, म्हणजे त्याच्या सगळ्या दुखण्यांसह का होईना, पण प्रोग्रामांसकट परत मिळतो. त्याशिवाय मी ‘विंगेट’ या विंडोजच्याच साधनाने प्रोग्रामांची यादी निर्यात करून ठेवतो. पुसून बसवण्याची वेळ आलीच, तर त्या यादीवरून विंगेट त्याला ठाऊक असलेले प्रोग्राम पुन्हा उतरवून बसवते. यादीत नसलेल्यांचे परवाने हाताने टिपून ठेवावेत, आणि ज्या प्रोग्रामांचा परवाना मोजक्याच संगणकांवर चालतो त्यांतून आधी बाहेर पडावे. विंडोजच्या परवान्याची मात्र फारशी चिंता नको. विंडोज १० पासून तो बहुधा संगणकाच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो आणि तीच एडिशन पुन्हा बसवली की इंटरनेट मिळताच आपोआप ओळखला जातो.

सिस्टिम मुळीच सुरू होत नसेल तेव्हा अपेक्षा कमी कराव्या लागतात, पण सगळेच हातचे जात नाही. सुरुवात लागोपाठ फसली की विंडोज दुरुस्तीच्या वातावरणात स्वतःहून शिरते. तिथून स्टार्टअप रिपेअर चालवता येते, नुकताच बसलेला अपडेट काढता येतो, आणि सिस्टिम रिस्टोअर आधीपासून चालू ठेवले असेल तर जुन्या बिंदूवर परत जाता येते. रिस्टोअर आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही. त्या बिंदूनंतर बसवलेले प्रोग्राम तेवढे जातात. यांपैकी एखाद्या उपायाने सिस्टिम उभी राहिली, तर त्याच दिवशी आतून सेटअप चालवून घ्यावा. नाही राहिली, तर ‘रीसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय उरतो. त्याचे नाव नीट वाचावे: त्यात फाइली राखल्या जातात, प्रोग्राम नाही. काढलेल्या प्रोग्रामांची यादी तो डेस्कटॉपवर ठेवून जातो, हे त्यातले सौजन्य.

तेही साधले नाही तर पेन ड्राइव्हवरून नवी विंडोज बसवावी लागते. आवृत्तीनुसार सेटअपची वाट थोडी निराळी असते, पण डिस्कचे विभाग दाखवणाऱ्या पडद्यावर विभाग न पुसता, फॉरमॅट न करता, जुन्याच विभागावर विंडोज बसवली तर जुनी सिस्टिम आणि वापरकर्त्यांची फोल्डर ‘विंडोज.ओल्ड’मध्ये जातात. संगणकात एकाहून अधिक डिस्क असतील तर बाकीच्या काढून ठेवणे बरे; ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ यांतली आपली कोणती हे त्या घाईत ओळखणे सोपे नसते. पुढे जुन्या फोल्डरातल्या फाइली उघडू गेल्यास परवानगी नाही असा निरोप येतो, तेव्हा फाइली बिघडल्या असे समजू नये. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, खात्याला दिलेल्या अंतर्गत क्रमांकाने ओळखते. नव्या खात्याचे नाव तेच असले तरी क्रमांक वेगळा असतो. प्रशासकाच्या खात्यातून फोल्डराची मालकी आपल्याकडे घेतली की ती उघडतात.

मॅक वापरणाऱ्यांना यातले फारसे काही सोसावे लागत नाही, आणि त्याचे श्रेय रचनेला आहे. २०१९ च्या मॅकओएस कॅटॅलिनापासून सिस्टिम एका वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या विभागात राहते आणि माणसाचे सामान दुसऱ्या विभागात. २०२० च्या बिग सरपासून सिस्टिमच्या विभागावर ॲपलची डिजिटल मोहोरही असते. मॅकवरचे बरेचसे ॲप एकाच गठ्ठ्यात गुंडाळलेले असल्याने मुळातच कमी विखुरतात. रिकव्हरीत जाऊन ‘रीइन्स्टॉल मॅकओएस’ निवडले की सिस्टिम नवी येते आणि ॲप, फाइली, सेटिंग जागच्या जागी राहतात. इंटेलच्या मॅकवर त्यासाठी सुरुवातीला कमांड आणि ‘आर’ या कळा दाबून धरायच्या, ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर पॉवरचे बटण दाबून धरायचे. शेजारीच असलेल्या डिस्क युटिलिटीतले ‘इरेज’ तेवढे दाबू नये.

लिनक्सवर ही सोय आपण स्वतः करून ठेवायची असते. पहिल्यांदा सिस्टिम बसवताना ‘होम’साठी, म्हणजे वापरकर्त्यांच्या फाइली जिथे राहतात त्या फोल्डरासाठी, वेगळा विभाग केला असेल, तर पुढे फक्त मूळ विभाग फॉरमॅट करायचा आणि ‘होम’चा विभाग फॉरमॅटची खूण न करता पुन्हा जोडायचा. ज्यांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते अशा लपवलेल्या फाइलींत प्रोग्रामांची मांडणी असते आणि ती ‘होम’मध्येच असल्याने प्रोग्राम नव्याने बसवला तरी जुन्याच रूपात उघडतो. बसवलेल्या पॅकेजांची यादी डेबियन आणि उबुंटूवर ‘एपीटी-मार्क’ या आज्ञेने मिळते. ‘ईटीसी’ फोल्डरातली सिस्टिमची मांडणी आणि ‘व्हार’ फोल्डरातले डेटाबेस मात्र ‘होम’बाहेर असतात, त्यांची नक्कल वेगळी घ्यावी.

विंडोजवर सेटअप संपून नेहमीचा डेस्कटॉप दिसू लागला, तरी आणखी थोडे काम असते. विंडोज अपडेट दोन-तीन वेळा चालवून घ्यावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण कुठे आहे का पाहावे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीचा आहे की विंडोजने दिलेला सर्वसाधारण आहे ते पाहावे आणि सिस्टिम रिस्टोअर बंद पडले असेल तर ते पुन्हा चालू करावे. मग रोजचा प्रत्येक प्रोग्राम एकदा उघडून, त्यात एखादी जुनी फाइल उघडून आणि छापून पाहावी. नुसता प्रोग्राम उघडला म्हणजे झाले असे मानू नये, कारण परवाना तपासणारे किंवा प्रिंटरशी बोलणारे भाग काम सुरू केल्यावरच जागे होतात. ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच काढून टाकते. ते पंधरा-वीस जीबी जागा अडवते म्हणून लोक पहिल्याच संध्याकाळी डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’पुढे खूण करून मोकळे होतात. तसे करू नये. राहून गेलेली एखादी फाइल शोधायची वेळ आली, तर ती बहुधा त्याच फोल्डरात सापडते, आणि दहा दिवसांहून अधिक काळ ते हवे असेल तर तेवढ्यात ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे.